ज्ञानदानाचा जमाखर्च : खाजगी आणि सरकारी शाळांच्या वाटचालीचे एक अवलोकन

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी दानाची चार अंगे आपल्या परंपरेने सांगितली आहेत. यांपैकी शास्त्रदानाचे वैशिष्ट्य असे की, ते घेणारा पुढे देणाराही होऊ शकतो. अन्न एका वेळची भूक भागविते. अक्षर पुढच्या पिढीलाही पुरते. म्हणूनच आपल्या समाजाने मंदिराच्या शेजारी शास्त्रभांडार उभे केले आणि पुढे काळ बदलला तेव्हा वसतिगृहे, गुरुकुले व शाळा उभ्या केल्या.

एखाद्या संस्थेने पन्नाशी गाठली की जुन्या जमाखर्चाच्या वह्या आपोआप पुढे येतात. कोणी किती दिले, कोठे किती लागले, याचा हिशोब त्यांत असतो. त्याच धर्तीवर शिक्षणाचाही हिशोब एकदा मांडून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे. दरवर्षी जून महिना जवळ आला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत घालावे, अनुदानित विद्यालयात घालावे, की फी भरून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत? फी जास्त म्हणजे शिक्षण चांगले, अशी एक समजूत आहे. सरकारी शाळा फुकट असते, अशी दुसरी समजूत आहे. इतिहास पाहिला तर या दोन्ही समजुती अर्धवट ठरतात.

कारंज्याचा वारसा

आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तरी त्याची ओळख फार जुनी आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. इंग्रजी अमलात 'बाशिम' हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन करण्यात आला. याच भूमीत शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र आहे आणि याच भूमीत कारंजा आहे.

कारंज्यास सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांच्या भट्टारकपीठांचे वास्तव्य होते. या पीठांच्या आश्रयाने तेथे हस्तलिखितांचा मोठा संग्रह झाला. श्रावक-श्राविका स्वतःच्या द्रव्याने ग्रंथ लिहवून घेत आणि ते मुनींना किंवा मंदिराला अर्पण करीत. ग्रंथाच्या शेवटी लेखकाचे आणि दात्याचे नाव नोंदवले जाई. राज्यसत्तेचा एक पैसा न घेता चाललेली ही विद्येची व्यवस्था होती. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा कारंज्याच्या भांडारांकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या प्रयत्नाने कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश भाषेतील दुर्मिळ ग्रंथ प्रकाशात आले. शतकांपूर्वी कोणा अज्ञात श्रावकाने लेखकाला दिलेली मजुरी अशी विसाव्या शतकात फळास आली.

मात्र या व्यवस्थेची मर्यादाही मान्य केली पाहिजे. ही विद्या थोड्यांची होती. गावातील इतर मुलांसाठी पंतोजींची गावठी शाळा असे. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मोडी शिकायची, पावकी-निमकी पाठ करायची, एवढाच तिचा अभ्यासक्रम. पंतोजींना शिधा, धान्य आणि सणावाराला काही नाणी मिळत. ही शाळाही खाजगीच. तिचा खर्च पालक उचलत आणि ज्याला तो परवडत नसे त्याचा मुलगा शाळेबाहेर राही.

सरकारचा शिक्षणात प्रवेश

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, वुड यांचा शिक्षणविषयक खलिता निघाला. आज आपण ज्याला 'अनुदान' म्हणतो त्याचा उगम या खलित्यात आहे. सरकारने सर्व शाळा स्वतः चालवू नयेत, खाजगी संस्थांनी पुढे यावे आणि नियम पाळणाऱ्या संस्थांना सरकारने द्रव्यसाहाय्य करावे, असे ते धोरण होते.

हे धोरण ऐकावयास सोयीचे होते. पण संस्था काढण्याची ऐपत नसलेल्यांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहिला. तो सर्वांत स्पष्टपणे मांडला महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, सरकारच्या महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला मिळतो. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, सरकारने या क्षेत्रातून अंग काढून घेऊ नये, अशी त्यांची मागणी होती. विशेष म्हणजे त्यांनी शिक्षकाच्या पगाराचाही विचार केला होता. शिक्षकाला दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे आणि मोठ्या गावी ते पंधरा ते वीस रुपये असावे, असे त्यांनी सुचवले. चांगली शाळा आणि शिक्षकाचे पोट यांचा संबंध त्यांनी सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी जोडून दाखवला.

ही मागणी सरकारी पातळीवर लवकर मान्य झाली नाही. नामदार गोखले यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. कोल्हापूर संस्थानात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. वऱ्हाडात १९३८ साली 'विद्यामंदिर' योजना आली. प्रत्येक खेड्यातील शाळेला दानातून जमीन मिळावी आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी ती कल्पना होती. सरकारी शाळेचा भार दात्याने व शेतीने उचलावा असा हा प्रयोग होता. पण तो सर्वदूर रुजला नाही.

स्वस्त खाजगी शाळेचे रहस्य

१ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली; टिळक आणि आगरकर त्यांना मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे सेवेची शपथ घ्यावयाची आणि अल्प वेतनात काम करावयाचे असा दंडक होता. गोखल्यांसारखा विद्वान महिना पंचाहत्तर रुपयांवर तेथे शिकवीत राहिला. ही खाजगी शाळा चांगली होती आणि परवडणारीही होती, याचे कारण उघड आहे. शिक्षकांनी आपल्या कमाईचा त्याग केला होता. फी कमी होती, कारण उरलेला खर्च शिक्षक आपल्या आयुष्यातून भरत होते.

आपल्या कारंज्यातही हाच मार्ग दिसतो. ब्रह्मचारी देवचंद, म्हणजेच पुढे १९५२ मध्ये मुनिदीक्षा घेतलेले पूज्य समन्तभद्र महाराज, यांनी १९१८ साली कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम हे जैन गुरुकुल स्थापन केले. धर्मशिक्षण आणि आधुनिक शिक्षण एकाच छताखाली, शिस्तीच्या निवासी वातावरणात द्यावे, हा त्यामागील विचार. येथेही दोन प्रकारची दाने एकत्र आली. श्रावकांनी द्रव्य दिले आणि व्रतस्थ कार्यकर्त्यांनी आयुष्य दिले. १९३४ मध्ये कुंभोजजवळ बाहुबली येथे आणि नंतर वेरूळसारख्या ठिकाणी याच प्रेरणेतून गुरुकुले उभी राहिली. कारंजा हे त्या साऱ्या वृक्षाचे मूळ होय, याचा आपल्या जिल्ह्याला रास्त अभिमान आहे.

तत्पूर्वी मुंबईचे दानवीर माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी ठिकठिकाणी जैन बोर्डिंग काढण्यास चालना दिली होती. आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने मुंबईत महावीर जैन विद्यालय स्थापन झाले. खेड्यातील हुशार मुलाला शहरात राहण्याजेवण्याची सोय झाली तर सरकारी शाळा-कॉलेजातील शिक्षण त्याला घेता येईल, हा त्यातील व्यवहारी विचार होता. शाळा सरकारची आणि निवास समाजाचा, अशी ही भागीदारी होती. तिच्यातून डॉक्टर, वकील, अभियंते घडले.

बोर्डिंगमधून बाहेर पडलेला विद्यार्थी

या गौरवशाली इतिहासात एक प्रसंग मात्र आपण विसरू नये. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर त्यांना शुद्धीसाठी स्नान करण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

समाजाच्या दारातून बाहेर पडलेल्या या विद्यार्थ्याने पुढे सर्वांसाठी दार उघडले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीत जेवत. मुष्टिफंडातून मूठमूठ धान्य गोळा होई. 'कमवा आणि शिका' या योजनेत विद्यार्थी स्वतःच्या श्रमातून शिक्षणाचा खर्च भागवीत. वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, मंगळसूत्रही दिले. १९४८ मध्ये सरकारशी मतभेद झाल्याने संस्थेचे अनुदान थांबले, तेव्हा लोकांनी संस्थेला आधार दिला आणि पुढे सरकारलाही अनुदान पुन्हा सुरू करावे लागले. रयतची शाळा कायद्याने खाजगी होती. परंतु तिचे मन सार्वजनिक होते. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने हेच कार्य वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या मुलासाठी केले.

अनुदान ते विनाअनुदान

१९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या आणि १९६२ पासून ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदेचे आणि माध्यमिक शिक्षण बहुतांशी खाजगी अनुदानित संस्थांचे, अशी विभागणी महाराष्ट्रात रूढ झाली. अनुदानित शाळेत इमारत व व्यवस्थापन संस्थेचे, तर शिक्षकांचा पगार शासनाचा. १९७७ च्या कायद्याने खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांना सेवासुरक्षा मिळाली. शिक्षकाच्या त्यागावर चालणारी शाळा आता करदात्याच्या पैशावर चालू लागली. हे न्याय्यच होते. पण त्याबरोबर संस्थाचालकांचे आर्थिक दायित्व कमी झाले आणि नेमणुकीचा अधिकार मात्र राहिला. त्यातून काही ठिकाणी जे व्यवहार सुरू झाले ते सर्वज्ञात आहेत.

१९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. २००० मध्ये शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षे मानधनावर काम केल्यावर शिक्षकास नियमित वेतनश्रेणी मिळू लागली. प्राथमिक शाळेतील हे मानधन आरंभी महिना ३,००० रुपये होते. २००१ मध्ये 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर शाळांना मान्यता देण्याचे धोरण ठरले. २००९ मध्ये त्यातील 'कायम' हा शब्द वगळण्यात आला. पण तोपर्यंत एका पिढीचे शिक्षक अत्यल्प पगारावर राबले होते. अनुदानाची आशा धरून तरुणपण घालविलेले असे शिक्षक आपल्या नात्यागोत्यातही सापडतील. त्यांचा त्याग चिपळूणकरांच्या त्यागासारखा स्वखुशीचा नव्हता, हा दोन काळांतील मोठा फरक आहे.

खर्चाचे गणित

आता प्रत्यक्ष हिशोब करू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत प्रत्येकी महिना ५०,००० रुपये वेतनाचे दोन शिक्षक आहेत. वर्षाचा वेतनखर्च १२ लाख रुपये झाला. पट ६० असेल तर दर मुलामागे २०,००० रुपये पडतात. पट १५ वर आला तर तोच खर्च ८०,००० रुपये होतो. याउलट एखाद्या विनाअनुदानित शाळेत महिना ८,००० रुपयांवर सहा शिक्षक १८० मुलांना शिकवीत असतील, तर वर्षाचा वेतनखर्च ५ लाख ७६ हजार, म्हणजे दर मुलामागे ३,२०० रुपये.

हे पाहून खाजगी शाळा काटकसरी आणि सरकारी शाळा उधळी, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, खाजगी शाळेची ही काटकसर मुख्यतः शिक्षकाच्या पगारातून होते. दुसरी, जिथे पंधराच मुले आहेत त्या तांड्यावर खाजगी संस्था शाळा काढतच नाही. मानोरा तालुक्यातील तांडे असोत किंवा ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्यांच्या वस्त्या असोत, तेथील मुलापर्यंत पोहोचते ती सरकारचीच शाळा. राज्यात २० पेक्षा कमी पट असलेल्या हजारो शाळा आहेत आणि त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला. कागदावर पैसा वाचेल. पण तीन-चार किलोमीटर चालावे लागले तर सर्वांत आधी मुलीचे नाव शाळेतून कमी होईल, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

पालकाच्या बाजूने पाहिले तर फी हा खर्चाचा एक भाग असतो. प्रवेशशुल्क, गणवेश, बूट, ठरावीक दुकानातील पुस्तके, वाहन, स्नेहसंमेलनाची वर्गणी आणि त्यावर शिकवणी. इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलाचा अभ्यास घरी घेता येत नाही म्हणून शिकवणी लावावी लागते आणि एकाच विषयाचे पैसे दोनदा भरले जातात. फीवर नियंत्रण ठेवण्यासाठी राज्याने २०११ चा शुल्क विनियमन कायदा केला आणि पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता आवश्यक केली. या समितीच्या बैठकीस आपण किती वेळा गेलो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

गुणवत्तेचा प्रश्न

'असर' या देशव्यापी ग्रामीण पाहणीनुसार पाचवीत असूनही दुसरीचा धडा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये सरकारी शाळांत ४४.२ टक्के, तर खाजगी शाळांत ६५.१ टक्के होती. करोनाच्या खंडानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण अनुक्रमे ३८.५ आणि ५६.८ टक्क्यांवर घसरले. खाजगी शाळा पुढे आहे, हे खरे. परंतु फी भरणारे घर बहुधा शिकलेले असते. तेथे पुस्तक असते, अभ्यास घेणारी आई असते. यांतील किती श्रेय शाळेचे आणि किती घराचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षे एक मोठा अभ्यास झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी सरकारी शाळेतील इच्छुक मुलांतून चिठ्ठ्या टाकून काहींना खाजगी शाळेत विनामूल्य पाठवले. चिठ्ठीमुळे दोन्ही गटांतील घरे सारखीच होती. तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांची प्रगती जवळपास सारखी निघाली. हिंदीत खाजगी शाळेची मुले पुढे होती. मात्र खाजगी शाळेचा दर मुलामागील खर्च सरकारी शाळेच्या एकतृतीयांशाहूनही कमी होता. म्हणजे मुख्य विषयांत खाजगी शाळा अधिक शिकवीत नव्हती. तेवढेच कमी पैशात, अधिक दिवस वर्ग भरवून आणि अल्प पगाराच्या शिक्षकांकडून शिकवीत होती. दोघांपैकी कोणीही गर्वाने मान वर करावी असा हा निकाल नाही.

सरकारी शाळेचा शिक्षक मनावर घेतो तेव्हा काय घडते याचेही उदाहरण महाराष्ट्रात आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. म्हणून पाटी सरकारी की खाजगी हे पाहण्याआधी वर्ग रोज भरतो का, शिक्षक मुलाचे वाचन ऐकतो का, वही तपासली जाते का, हे पालकाने पाहावे. या तीन गोष्टींना पैसा थोडा आणि लक्ष फार लागते.

आपल्यापुढील प्रश्न

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात, असे त्यात आहे. त्यांचा खर्च शासनाने द्यावयाचा. महाराष्ट्रात ही रक्कम काही वर्षे दर मुलामागे कमाल १७,६७० रुपये होती आणि २०२०–२१ साठी ती ८,००० करण्यात आली. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला सूट देणारा नियम राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला; मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द ठरवला.

जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळले. २०२५ मध्ये न्यायालयाच्याच एका पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. न्यायालय काय ठरवील ते ठरवील. आपल्यापुढचा प्रश्न कायद्याचा नसून धर्माचा आहे. कायद्याने सूट मिळाली म्हणून दार लावून घ्यावे, की सूट असतानाही उघडे ठेवावे? १९०८ मध्ये एका विद्यार्थ्याला दाराबाहेर जावे लागले, तेव्हाही नियम बोर्डिंगच्याच बाजूने होता. आज त्या नियमाचे कोणास स्मरण नाही. भाऊरावांचे नाव मात्र घरोघरी आहे.

दीडशे वर्षांच्या या जमाखर्चातून एक गोष्ट स्पष्ट होते. फुकट शाळा कधीच नव्हती. कारंज्याच्या श्रावकाने, पंतोजींना शिधा देणाऱ्या पालकाने, आजीव सदस्याने, मंगळसूत्र देणाऱ्या माउलीने, करदात्याने किंवा तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या शिक्षकाने, कोणी ना कोणी तो खर्च भरला आहे. भरणाऱ्याने तो स्वखुशीने भरला तेव्हा ते दान झाले. दुबळ्याकडून तो वसूल केला गेला तेव्हा तो अन्याय झाला.

२०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांत वाशिमचा समावेश केला. दुबार पेरणीच्या वर्षी शेतकरी मुलाची फी भरू शकत नाही, अशा या जिल्ह्यात आपण राहतो. आपल्या न्यासांच्या शाळांत गरिबांसाठी काही जागा राखणे, शिक्षकाला सन्मानाने जगता येईल असे वेतन देणे, आणि गावातील जिल्हा परिषदेची शाळा आपली मानून तिला ग्रंथालय, स्वच्छतागृह व थोडा वेळ देणे, एवढे झाले तरी शास्त्रदानाची परंपरा पुढे चालेल. जुन्या हस्तलिखिताच्या अखेरच्या पानावर दात्याचे नाव आहे. तो ग्रंथ कोणी वाचावा, यावर मात्र त्याने अट घातलेली नाही. आपल्या वहीच्या अखेरच्या पानावर काय असावे, हे ठरविण्याची वेळ आता आपली आहे.